एका बदनाम शब्दाची बढती

फुटबॉलच्या मैदानावर 'सिम्युलेशन' केलं की पंच पिवळं कार्ड दाखवतो. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 'सिम्युलेशन' केलं की त्यावर शोधनिबंध निघतो आणि पावसाच्या अंदाजाला ते उपयोगी पडतं. शब्द एकच, आणि वरवर पाहिलं तर कृतीही एकच: जे समोर नाही ते असल्यासारखं उभं करायचं. एका ठिकाणी त्याला शिक्षा, दुसऱ्या ठिकाणी मान. हा शब्द शतकानुशतकं लबाडीच्या खात्यात जमा होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो अचानक प्रयोगशाळेत शिरला आणि तिथे प्रतिष्ठित झाला. ही बढती त्याला कशी मिळाली आणि जुनी सवय त्याने खरोखर सोडली का, याचा हा आढावा.

सारखेपणाचं कूळ

लॅटिनमध्ये 'सिमिलिस' म्हणजे सारखा. त्यावरून 'सिम्युलारे' हे क्रियापद झालं. सारखं करणं, नक्कल उतरवणं आणि त्यातून आव आणणं, असे त्याचे अर्थ. 'सिमुल' म्हणजे एकत्र, एकाच वेळी. भाषाशास्त्रज्ञ या सगळ्या कुळाचं मूळ 'एक' असा अर्थ असलेल्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूत पाहतात. संस्कृतातलं 'सम', ग्रीकमधलं 'होमोस' आणि इंग्रजीतलं 'सेम' याच घराण्यातले. म्हणजे आपलं 'समान' आणि त्यांचं 'सिमिलर' ही दूरची भावंडं. इंग्रजीत या कुळाचा विस्तार मोठा आहे: सिमिली, असिमिलेट, रिझेम्बल, असेम्बल, सायमल्टेनियस. कचेऱ्यांमधून आता हद्दपार होत चाललेल्या 'फॅक्स'चं पूर्ण नाव 'फॅक्सिमिली', म्हणजे शब्दशः 'सारखं कर' अशी आज्ञा. मोबाइलमधलं 'सिम' मात्र या घरातलं नाही. ती निव्वळ आद्याक्षरं आहेत.

सारखेपणात स्वतःमध्ये काही पाप नाही. पाप शिरलं ते हेतूबरोबर. रोमन लेखकांनी 'सिम्युलारे'ला 'डिस्सिम्युलारे' अशी जोडीदारीण दिली. नसलेलं दाखवणं ते पहिलं, असलेलं लपवणं ते दुसरं. इतिहासकार सॅलस्ट याने रोमच्या सत्तेविरुद्ध कट करणाऱ्या कॅटिलाइनचं व्यक्तिचित्र रेखाटताना या दोन्ही कलांतलं त्याचं कौशल्य नोंदवलं, ते कौतुक म्हणून अर्थातच नव्हे. चौदाव्या शतकात फ्रेंचमार्फत 'सिम्युलेशन' इंग्रजीत आलं, ते हीच बदनामी पाठीवर घेऊन. खोटा देखावा एवढाच त्याचा अर्थ होता.

इंग्रजीत याच कामाचे इतर शब्दही होते. 'फेन' हा मातीला आकार देण्याच्या लॅटिन क्रियापदातून आला, आणि 'फिक्शन' व 'फिगर' त्याचे नातलग. 'प्रिटेंड' म्हणजे मुळात समोर धरणं. म्हणून गादीवर हक्क सांगणारा 'प्रिटेंडर', मग तो हक्क खरा असो वा खोटा. 'मिमिक' ग्रीक नटाकडून आला आणि हेन्री बेट्सने १८६२ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या फुलपाखरांवर लिहिल्यानंतर त्याला जीवशास्त्रात जागा मिळाली. पण ज्ञान मिळवण्याचं साधन म्हणून सगळ्या विज्ञानशाखांत मुक्तपणे वावरण्याचं भाग्य मात्र 'सिम्युलेट'च्याच वाट्याला आलं.

दरबार आणि धर्मपीठ

फ्रान्सिस बेकनने आपल्या निबंधांच्या १६२५ च्या आवृत्तीत सिम्युलेशन आणि डिस्सिम्युलेशनवर एक स्वतंत्र निबंध घातला. इंग्लंडच्या लॉर्ड चान्सलरपदावरून लाचखोरीच्या आरोपाखाली १६२१ मध्ये पायउतार व्हावं लागलेला हा माणूस. दरबारातली लपवाछपवी त्याने आतून पाहिलेली. त्याने स्वतःला झाकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली मौनाची, आपल्याविषयी काही कळूच न देण्याची. दुसरी डिस्सिम्युलेशनची, आपण जे आहोत ते नाही असं भासवणारे धागेदोरे सोडण्याची. तिसरी सिम्युलेशनची, आपण जे नाही ते आहोत असा उघड दावा करण्याची. पहिली त्याला गुणासारखी वाटते, दुसरी कधीकधी गरजेची, तिसरी सर्वांत निंद्य. तरीही तो तिला पूर्ण बाद करत नाही. दुसरा इलाजच नसेल तर तीही अंगी असावी, असा त्याचा व्यवहारी निष्कर्ष. त्यानंतर १६ वर्षांनी, १६४१ मध्ये, नेपल्समध्ये तोर्क्वातो अच्चेत्तोने 'प्रामाणिक लपवणुकी'वर छोटं पुस्तक काढलं. त्याचा आधार हाच फरक होता: खोटं दाखवू नये, पण खरं झाकून ठेवण्याचा हक्क माणसाला असावा.

हा हक्क ज्यांना नव्हता त्यांची कहाणी गोव्यात घडली. वैद्य गार्सिया द ऑर्टा १५३४ मध्ये गोव्यात आला. मुंबई बेट त्याला पोर्तुगीज राजवटीकडून पट्ट्याने मिळालं होतं. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याचं घराणं मूळचं ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेलं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं, १५६८ मध्ये ऑर्टा वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आलं. १५८० मध्ये ऑर्टाची हाडं उकरून तीही जाळली. आरोप असा की वरून ख्रिस्ती, आतून ज्यू. धर्मपीठाच्या लेखी हे ढोंग होतं. ज्याला जगायचं होतं त्याच्या लेखी ती ढाल होती. सोंगाचा दोष सोंग घेणाऱ्याचा की घ्यायला लावणाऱ्याचा, हा प्रश्न धर्मपीठाने स्वतःला विचारलेला दिसत नाही.

कायद्याने मात्र या बाबतीत बऱ्यापैकी थंड डोक्याने विचार केला. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा पक्षांनी प्रत्यक्षात काय केलं ते मोलाचं, हे तत्त्व रोमन कायद्यात आहे. युरोपातल्या नागरी कायद्यांत 'सिम्युलेशन' ही आजही दिखाऊ व्यवहाराची रीतसर संज्ञा आहे. आपल्याकडे त्याचं परिचित रूप म्हणजे बेनामी: जमीन एकाच्या नावावर, पैसा दुसऱ्याचा. त्याविरुद्धचा कायदा १९८८ चा, पण त्याला खरे दात आले २०१६ च्या दुरुस्तीने. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही' ही म्हण बेनामी व्यवहारांची चौकशी करणाऱ्यांनाही उपयोगी पडावी. कागद काहीही बोलो, पैसा कुठून आला ते शोधलं की खरा मालक सापडतो.

दवाखान्यातली उलथापालथ

आजारपणाचं सोंग बहुधा आजारपणाइतकंच जुनं. ट्रॉयच्या युद्धाला जायचं टाळण्यासाठी ओडिसियसने वेड पांघरलं आणि शेतात मीठ पेरायला घेतलं. पालामिडीसने त्याचं तान्हं मूल नांगरापुढे ठेवलं. ओडिसियसने नांगर वळवला आणि पकडला गेला. दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याने तर खोटे रोगी कसे ओळखावेत यावर स्वतंत्र टिपण लिहिलं. जर्मनमध्ये कामचुकार रोग्याला आजही 'सिम्युलांट' म्हणतात. सक्तीची सैन्यभरती सुरू झाल्यावर लष्करी डॉक्टरांचा बराच वेळ या मंडळींना उघडं पाडण्यात जाऊ लागला.

१९६३ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मेंदुविकारतज्ज्ञाने हा डाव उलटवला. विद्यार्थ्यांची परीक्षा घेण्यासाठी त्याने एका निरोगी बाईला विशिष्ट आजाराची लक्षणं शिकवली आणि विद्यार्थ्यांपुढे रुग्ण म्हणून बसवलं. सुरुवातीला सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. वैद्यकशास्त्रात नाटकवाले कशाला, असा सूर होता. आज जगभरच्या वैद्यकीय शिक्षणात असे प्रशिक्षित रुग्ण असतात. गेलनला ज्याला पकडायचं होतं त्यालाच आता मानधन मिळतं. त्याचं कसब तेच राहिलं. बदलला तो करार. इथे सोंग आहे हे व्यवस्थेला माहीत आहे, आणि सोंगाचा हेतू पुढच्या खऱ्या रुग्णाचं भलं हा आहे.

मराठीने हा भेद दोन शब्दांत वाटून ठेवलेला आहे. दशावतारातलं गणपतीचं असतं ते सोंग. आजारी नसताना रजेसाठी कण्हणं हे ढोंग. सोंग चांगलंही असतं, वाईटही असतं. ढोंग कधीच चांगलं नसतं. इंग्रजी शब्दाला ही सोय नव्हती. त्याला एकाच अंगरख्यात दोन्ही भूमिका कराव्या लागल्या.

भाते, पत्ते आणि पाऊस

बढतीची पहिली पायरी एका वाद्यांच्या कारखान्यात घडली. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकणं महाग आणि जिवावरचं. लिंकने ऑर्गनचे भाते आणि हवेच्या झडपा वापरून १९२९ पर्यंत जमिनीवरच डुलणारं, वळणारं छोटं विमान तयार केलं. त्याच्या पेटंटच्या नावातच शिकाऊ वैमानिकांबरोबर करमणुकीचाही उल्लेख होता, आणि सुरुवातीची काही यंत्रं खरोखरच जत्रेसारख्या करमणूक बागांत विकली गेली. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्यावर टपाल वाहण्याची जबाबदारी पडली. खराब हवेत, उपकरणांवर भिस्त ठेवून उडायची सवय नसलेले वैमानिक भराभर मेले, तेव्हा सैन्याने लिंककडून सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या निळ्या खोक्यात बसून शिकले.

दुसरी पायरी पत्त्यांची. १९४६ मध्ये गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम मेंदूच्या आजारातून उठत होता. एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव सुटण्याची शक्यता किती, हे तो गणिताने काढू पाहत होता. ते जमेना. मग त्याला सुचलं की डाव शंभरदा मांडावा आणि किती वेळा सुटतो ते मोजावं. हीच कल्पना न्यूट्रॉनांना लावता येईल, हे त्याने जॉन फॉन नॉयमनला सांगितलं. उलामचा एक काका माँटे कार्लोला जुगार खेळायला उसने पैसे मागत असे. त्यावरून निकोलस मेट्रोपोलिसने पद्धतीला 'माँटे कार्लो' हे नाव दिलं. १९४८ मध्ये एनिॲक या संगणकावर तिचे पहिले प्रयोग झाले. 'सिम्युलेट'चा तांत्रिक अर्थ इंग्रजीत रुळला तोही याच दशकात. पुढे ऑस्लोमध्ये दाल आणि न्यूगोर यांनी अशाच कामासाठी 'सिम्युला' ही संगणकभाषा रचली. आजच्या बहुतेक लोकप्रिय संगणकभाषांच्या वंशावळीत तिचं नाव येतं.

तिसरी पायरी हवामानाची, आणि ती सर्वांत शिकवणारी. लुईस फ्राय रिचर्डसन पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. त्या काळात त्याने २० मे १९१० या दिवसाच्या सहा तासांच्या हवामानबदलाचं गणित हाताने सोडवलं. उत्तर आलं की हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळपास जागचा हललाही नव्हता. रिचर्डसनने हे साफ चुकलेलं उत्तर १९२२ च्या आपल्या पुस्तकात जसंच्या तसं छापलं. पुढे पीटर लिंच या हवामानशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पद्धत बरोबर होती. सुरुवातीच्या आकड्यांतला गोंगाट गाळला असता तर उत्तर समंजस आलं असतं. १९५० मध्ये एनिॲकवर २४ तासांचा अंदाज काढायला जवळजवळ २४ तासच लागले. पाषाणच्या संस्थेत २०२४ मध्ये बसवलेल्या 'अर्क' या महासंगणकाची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. २०२५ च्या मे महिन्यापासून 'भारत फोरकास्ट सिस्टम' देशाचा नकाशा सहा-सहा किलोमीटरच्या चौकटींत पाहते.

इथे शब्दाच्या जुन्या आणि नव्या अर्थातला खरा फरक पकडता येतो. कॅटिलाइनला, ओडिसियसला, खोट्या रोग्याला सत्य ठाऊक होतं. सोंग होतं ते इतरांपासून सत्य लपवण्यासाठी. उलामला पत्त्यांचं उत्तर ठाऊक नव्हतं, रिचर्डसनला हवेचं ठाऊक नव्हतं. त्यांचं सोंग स्वतःला सत्य कळावं म्हणून होतं. जुन्या अर्थात जाणणारा न जाणणाऱ्याला फसवतो. नव्या अर्थात न जाणणारा जाणून घ्यायला निघतो. बढती मिळाली ती या बदलामुळे.

संशय घेणारे

पण न जाणणाऱ्याने जाणल्याचा आव आणला तर? विसाव्या शतकातले तत्त्वज्ञ याच जागेवर बोट ठेवतात. ॲलन ट्युरिंगने १९५० मध्ये यंत्राच्या विचारशक्तीचा प्रश्न एका नकलेच्या खेळावर आणून ठेवला: संवादावरून माणूस कोण आणि यंत्र कोण हे ओळखता आलं नाही, तर यंत्राला विचार येतो असं का म्हणू नये? जॉन सर्लने १९८० मध्ये उलट मुद्दा मांडला. संगणकात पाऊस पाडला म्हणून कुणी भिजत नाही, मग संगणकात समज उभी केली म्हणून ती खरी समज कशी? यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

फ्रेंच विचारवंत ज्याँ बोद्रियारने १९८१ च्या पुस्तकात आजारपणाचं तेच जुनं उदाहरण पुन्हा घेतलं, पण वेगळ्या अंगाने. आव आणणारा नुसता अंथरुणात पडून राहतो. सिम्युलेशन करणाऱ्याच्या शरीरावर खरी लक्षणं उमटतात. मग तो आजारी की निरोगी? आव आणण्याने खरं आणि खोटं यांतली रेघ शाबूत राहते, सिम्युलेशनने ती पुसली जाते, असं त्याचं म्हणणं. त्याच्या पुस्तकाच्या तोंडाशी बायबलमधल्या 'उपदेशक' या भागातलं म्हणून एक वचन आहे. ते त्या भागात सापडत नाही. सिद्धांताचं प्रात्यक्षिक पहिल्याच पानावर. बोद्रियार अतिशयोक्ती करतो, आणि हवामानशास्त्रज्ञ, वैमानिक यांच्या कामाशी त्याला फारसं देणंघेणं नाही. पण जाहिरात, निवडणूक प्रचार आणि बनावट चित्रफिती यांच्याबाबत त्याची भीती आज तेव्हापेक्षा जास्त पटते.

व्यवहारातला संशय अधिक ठोस असतो. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि भारताने पुढच्या चाचण्या स्वेच्छेने थांबवल्या. संगणकावर सिम्युलेशन करण्यापुरती माहिती या चाचण्यांतून मिळाली आहे, असं तेव्हा वैज्ञानिकांनी सांगितलं. २००९ मध्ये चाचण्यांशी संबंधित असलेले के. संथानम यांनी औष्णिक-आण्विक स्फोट अपेक्षेइतका झाला नव्हता असं जाहीर म्हटलं. आर. चिदंबरम आणि अणुऊर्जा खात्याने ते फेटाळलं. वाद दिसायला स्फोटाच्या ताकदीचा होता. पण खाली दुसरा प्रश्न होता: ज्या आकड्यांवर पुढची सगळी सिम्युलेशनं उभी राहणार, ते आकडे पक्के आहेत का? रिचर्डसनच्या चुकीची जागाही नेमकी तीच होती.

दोन अर्थ समोरासमोर

मैदानावर मात्र जुना अर्थ अगदी ठणठणीत आहे. फुटबॉलच्या नियमकर्त्यांनी १९९९ मध्ये पंचाला फसवण्यासाठी केलेलं सिम्युलेशन खिलाडूपणाविरुद्ध ठरवलं. २००२ च्या विश्वचषकात तुर्कस्तानविरुद्धच्या सामन्यात चेंडू रिवाल्डोच्या पायाला लागला आणि तो तोंड धरून कोसळला. समोरच्या खेळाडूला लाल कार्ड मिळालं, रिवाल्डोला नंतर दंड झाला.

दोन्ही अर्थ एकाच यंत्रात एकमेकांवर आदळले ते २०१५ मध्ये. गाड्यांच्या धुराची तपासणी प्रयोगशाळेत होते. चाकं फिरत्या रुळांवर ठेवून रस्त्याचं सिम्युलेशन केलं जातं. ही नव्या अर्थाची, प्रामाणिक नक्कल. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतल्या सॉफ्टवेअरला ती ओळखता येत होती. आपण तपासणीत आहोत हे समजताच गाडी धूर कमी सोडायची, रस्त्यावर आल्यावर नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण काही गाड्यांत मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जायचं. ही जुन्या अर्थाची नक्कल. नकली रस्त्यावर नकली सभ्यपणा. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होतं. पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या तपासणीनंतर भारतातही त्या वर्षअखेरीस ३ लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवण्याचं कंपनीने जाहीर केलं. हे उघडकीस आलं ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांमुळे. त्यांनी मोजणीची यंत्रं गाडीत ठेवली आणि गाडी खऱ्या रस्त्यावर चालवली. पालामिडीसनेही शेतात दुसरं काही केलं नव्हतं. सोंगाला त्याने खऱ्या गोष्टीशी गाठ घालून दिली.

या प्रकरणात फसलेले अधिकारी बेसावध नव्हते. चाचणी काटेकोर होती, यंत्रं अचूक होती. त्यांचं चुकलं एवढंच की रस्त्याची नक्कल इतकी विश्वासू वाटू लागली की रस्त्यावर जाऊन पाहायची गरज त्यांना फारशी राहिली नाही. बढती मिळालेल्या शब्दाचा धोका असा असतो. ढोंग्यावर आपण निदान नजर ठेवतो. सन्माननीय सिम्युलेशनवर ठेवत नाही. बँकांचे धोक्याचे अंदाज, साथीच्या लाटांची गणितं, धरणाच्या पुराचे आराखडे आणि आता माणसासारखं लिहिणारी यंत्रं, सगळ्यांपुढे हीच अडचण आहे. उत्तर चकचकीत येतं आणि ते कोणत्या गृहीतांवर उभं आहे हे विचारायचं राहून जातं.

म्हणून रिचर्डसनचं उदाहरण लिंक किंवा उलाम यांच्यापेक्षा मोठं वाटतं. त्याच्याकडे यंत्र नव्हतं, उत्तरही चुकलं. पण त्याने गृहीतं उघडी मांडली, उत्तर प्रत्यक्ष हवेशी ताडून पाहिलं आणि फसलेलं उत्तर लपवलं नाही. सिम्युलेशनला दिलेला मान टिकायचा असेल तर त्याच्याकडून एवढी तीन कामं मागितली पाहिजेत. यातलं एकही न करणारं सिम्युलेशन कितीही महागड्या संगणकावर चाललं तरी बेकनच्या तिसऱ्या पायरीवरच उभं असतं.